गुलाबी बोये

माझी बायको व्हर्ना मार्चमध्ये गेली, भर हंगामात. आठवडाभर बोट धक्क्याला बांधून ठेवली आणि मग पुन्हा कामावर जायला लागलो, कारण घरात बसून करण्यासारखं काही नव्हतं. शेवंडीचे पिंजरे ओढताना माणसाला फार विचार करता येत नाही. दोर हातात असतो, पाय ओल्या फळीवर असतात, लक्ष तिथेच ठेवावं लागतं. मेअखेर हंगाम संपला, पिंजरे किनाऱ्यावर आले, आणि मी खरा एकटा झालो तो तेव्हा.

घरातलं सगळं व्हर्ना ठरवायची. ही तक्रार नाही. मला ते सोयीचं होतं. पडदे तपकिरी, सोफा गडद निळा, माझे सदरे खाकी नाहीतर राखाडी. कुठला सदरा कधी घालायचा तेही ती खुर्चीवर काढून ठेवायची. एकेचाळीस वर्षं मी आज काय घालू असा विचार केला नाही. ती गेल्यावर कपाट उघडलं तेव्हा त्यात माझं काय कुठे आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे, नोव्हा स्कोशियाच्या या दक्षिण किनाऱ्यावर, माणूस तोंडावरून ओळखायच्या आधी बोयावरून ओळखतात. पिंजरा समुद्राच्या तळाशी बसतो, त्याचा दोर वर येतो आणि दोराच्या टोकाला बोया तरंगतो. प्रत्येकाचे रंग ठरलेले. सगळ्यांना सगळ्यांचे पाठ. माझे काळे, मध्ये पिवळा पट्टा. ते माझ्या वडिलांचे होते, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचे. वडील गेले तेव्हा घराच्या आधी रंग माझ्याकडे आले. शेजारच्या वायलीचे निळे-पांढरे, तेही तसेच आलेले. दर ऑक्टोबरात शेडमध्ये बसून बोये खरवडायचे आणि पुन्हा तेच रंग द्यायचे. आम्ही पुरुष त्याला रंगवणं म्हणत नाही. सामान तयार करणं म्हणतो.

त्या ऑक्टोबरात मी काळा आणि पिवळा आणायला बॅरिंग्टनला गेलो. दुकानात एका भिंतीवर रंगांच्या छोट्या पट्ट्या लावलेल्या असतात, फुकट नेता येतात. वर्षानुवर्षं मी त्या भिंतीवरून सरळ पुढे गेलो होतो. त्या दिवशी थांबलो. का थांबलो ते सांगता येणार नाही. घाई नव्हती एवढंच. घरी कोणी वाट पाहणारं नव्हतं. एक गुलाबी पट्टी होती, भडक नाही, शिंपल्याच्या आतल्या बाजूला असतो त्याहून जरा दाट. ती मी उचलली, परत ठेवली, लाकडाच्या विभागात जाऊन खिळे बघत उभा राहिलो, आणि परत येऊन तीच उचलली.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, बाळाच्या खोलीसाठी का? मी म्हणालो, हो, नातीच्या.

मला नात नाही. माझ्या मुलीला, टान्याला, दोन मुलगे आहेत आणि दोघेही हॉकी खेळतात. त्या मुलीने मोठ्या डब्यात रंग घुसळून दिला, वर अभिनंदनही केलं. मी मान डोलावली. गाडीत बसलो तेव्हा माझे कान तापले होते. अजून रंगाचं झाकणही उघडलं नव्हतं.

तो रंग मला आवडतो. कधीपासून, ते माहीत नाही. डिसेंबरात पहाटे आम्ही बाहेर असतो तेव्हा सूर्य यायच्या आधी थोडा वेळ आकाशाची कड तशी होते, आणि बोटीवरच्या बर्फावरही तो रंग उतरतो. बोटीवर त्याविषयी कोणी बोलत नाही. कोणी वर पाहत राहिला तर दुसरा विचारतो, वारा फिरतोय का. तोही म्हणतो, हो, फिरतोयसं वाटतं. आणि दोघे पुन्हा खाली बघतात.

शेडचं दार लावून घेतलं आणि पहिला बोया रंगवला. वाळायला खुंटीवर टांगला, मागे सरकून पाहिला, आणि दुसरा घेतला. दुपारपर्यंत भिंतीची एक बाजू भरली. मला कळलंच नाही, मी शीळ घालत होतो. कळलं तेव्हा ब्रश हातात तसाच राहिला. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी शेडमध्ये एकटा बसून शीळ घालत होतो, आणि तीही अशा गोष्टीपायी जी ती असती तर मी केली नसती. व्हर्नाला गुलाबी रंग सहन होत नसे. पोटाच्या औषधाचा रंग, म्हणायची. ती असती तर तिने डबा बघून माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं, आणि मी डबा परत करायला गाडी काढली असती. म्हणजे मला बरं वाटत होतं ते ती नव्हती म्हणून. हे लक्षात आलं आणि मी खाली बसलो. काम मात्र थांबवलं नाही. त्याचीही लाज वाटली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी वायली आत आला. आमच्याकडे शेडचं दार कोणी वाजवत नाही. वायली आणि मी शाळेपासूनचे. त्याचं शेड माझ्या शेडला लागून. त्याच्या तोंडाला कुलूप नाही हे अख्ख्या बंदराला माहीत आहे. तो दारात उभा राहिला, भिंतीवर नजर फिरवली आणि बराच वेळ काही बोलला नाही. वायली गप्प, हेच मुळात भीतीदायक.

"एल्डन," तो म्हणाला, "वाढदिवस कोणाचा आहे?"

मी म्हणालो, दार लाव, गारवा येतोय.

"नाही, मला सांग. फुगे लावलेत म्हणून विचारतो. केक किती वाजता कापायचा?" मग जवळ येऊन त्याने एक बोया नाकाशी धरला. "आणि हा रंग कोणाचा आहे ठाऊक आहे ना तुला? त्याचा. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याचा."

आमच्याकडे बोटीवर आणि धक्क्यावर डुकराचं नाव घेत नाहीत. घेतलं की त्या दिवशी काही ना काही बिघडतं. दोर बोटीच्या पंख्यात अडकतो, नाहीतर माणूस पाण्यात जातो. हे कोणी हसण्यावारी नेत नाही, चर्चला न जाणारेही नाही. वायली म्हणत होता, असे बोये घेऊन निघालास तर तुझ्या बोटीवर चढणार कोण? तुझा जावई? डेल शहाणा मुलगा आहे, त्याला दोन पोरं आहेत. आणि लोक काय म्हणतील? म्हातारा एकटा पडला आणि बाई झाला, असं म्हणतील. तुझ्या बापाच्या रंगाचं काय? तो वर असेल तिथून काय बघत असेल?

तो हसत होता, पण पूर्ण हसत नव्हता. मला म्हणायचं होतं, मला आवडतो तो रंग. एवढंच वाक्य. चार शब्द. ते घशाच्या पुढे येईना. आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं.

"व्हर्नाची इच्छा होती," मी म्हणालो. "जाण्याआधी म्हणाली."

वायलीने टोपी काढली. माझ्या देखत वायलीने टोपी फक्त चर्चमध्ये आणि जेवताना काढली आहे. त्याने हातातला बोया दोन्ही हातांनी परत खुंटीवर टांगला, जसा काही तो फुटेल. मग म्हणाला, "माफ कर रे. मला काय माहीत." आणि गेला. जाताना दार लावून गेला.

त्याच वेळी मागे धावलो असतो तर गोष्ट तिथेच मिटली असती. मी धावलो नाही. मी हाती घेतलेला बोया पूर्ण केला.

लहान गावात असली बातमी चालत नाही, ती आधीच पोचलेली असते. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात मालकाच्या बायकोने माझा हात धरला आणि काही न बोलता सोडला. व्हर्ना गेल्यावर शेजारी जेवणाचे डबे आणून ठेवायचे, ते उन्हाळ्यापासून बंद झालेले डबे पुन्हा दारात दिसू लागले. माशाच्या वड्या, काकवी घालून केलेला ब्राउन ब्रेड, कालवणाचं पातेलं. डेलने मला काही विचारलं नाही, फक्त एका संध्याकाळी येऊन राहिलेले बोये रंगवायला बसला आणि एकदाही थट्टा केली नाही. धक्क्यावर पुरुष मान झुकवून नमस्कार करायचे. ज्यांनी हसायला हवं होतं ते गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बघत होते आणि प्रत्येक नजरेबरोबर मी आत आत जात होतो.

मग वायली पुन्हा आला. हातात रिकामा कॉफीचा डबा.

"थोडा रंग उरलाय का?" तो म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. प्रत्येकाने एकेक बोया तसा करायचा, आणि पिंजरे टाकायला निघताना बोटीच्या पुढे बांधायचा. तिच्यासाठी." आणि खाली बघत म्हणाला, "रुथॅन रात्री रडली. मीही जरासा. कोणाला सांगू नकोस."

रुथॅन त्याची बायको, व्हर्नाची जिवाभावाची मैत्रीण. मी त्याच्या डब्यात रंग ओतला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आता सांग, असं मी स्वतःला म्हणत होतो, आता सांग, आणि डबा काठोकाठ भरून रंग बाहेर सांडेपर्यंत ओतत राहिलो.

बोये पुन्हा काळे करून टाकावेत असं मनात आलं. पण आता तेही करता येत नव्हतं. मेलेल्या बायकोची शेवटची इच्छा पुसून टाकणारा माणूस कसला?

टान्या त्या शनिवारी आली. तिने कोट काढला नाही. स्वयंपाकघराच्या टेबलापाशी उभी राहिली.

"बाबा, आईला गुलाबी रंग बघून मळमळायचं."

मी म्हणालो, हो.

"माझ्या लग्नात करवल्यांना गुलाबी कपडे घालायचे म्हटलं तर ती दोन आठवडे माझ्याशी बोलली नव्हती."

मी पुन्हा म्हणालो, हो. आठवतंय.

"मग हे काय आहे?"

टान्या खुर्चीत बसली. तिचा आवाज चिडलेला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, पंधरा दिवस लोक मला रस्त्यात थांबवून सांगताहेत की तुझ्या आईची शेवटची इच्छा किती सुंदर होती. शेवटचे दिवस मीच होते तिच्या उशाशी, तू बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत होतास. मी रोज रात्री विचार करते की मी केव्हा पाणी आणायला उठले, केव्हा डोळा लागला, केव्हा तिने ते तुला सांगितलं आणि मला नाही. मला वाटलं, शेवटी ती बदलली, आणि ते मला कळलंच नाही. मी तिथे असून.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खोटं बोललो ते वायलीशी, असं मी धरून चाललो होतो. ते जाऊन कुठे लागलं ते आता दिसलं.

"तिने काही सांगितलं नाही," मी म्हणालो. "मीच रंगवले. ती काही म्हणाली नाही."

"मग तिच्या नावावर का ढकललंस?"

तिलाही मी ते चार शब्द सांगू शकलो नाही. स्वतःच्या मुलीला. माझ्या पोटच्या मुलीसमोर मी टेबलावरचा कप फिरवत बसलो. मग टान्या उठली आणि म्हणाली, मी कोणाला काही सांगणार नाही, बाबा. तूच सांग. पण बोटी निघायच्या आधी सांग. आईचं नाव घेऊन लोक समुद्रावर जाताहेत. असं नको.

पिंजरे टाकायचा दिवस म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा सोमवार, वारा असला तर पुढे ढकलतात. त्या वर्षी वारा नव्हता. आदल्या रविवारी दुपारी सगळ्या बोटी भरून धक्क्याला लागलेल्या असतात. पिंजरे इतके उंच रचलेले की बोट पाण्यात खोल बसते आणि मागचं काही दिसत नाही. सगळं गाव खाली येतं. पाळक बोटींसाठी प्रार्थना म्हणतो, मग कॉफी आणि गोड पाव. वर्षातला हा एकच दिवस असा की कोणी मोठ्याने बोलत नाही, कारण सोमवारी काय होतं ते प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं असतं.

मी धक्क्यावर उतरलो आणि पाहिलं, जवळजवळ प्रत्येक बोटीच्या पुढच्या टोकाला एक गुलाबी बोया बांधलेला. ज्यांच्याशी माझं वर्षानुवर्षं पटलं नाही त्यांच्याही. वायलीने आपला अगदी पुढे बांधला होता आणि त्यावर काळ्या रंगाने व्ही काढला होता. अक्षर वाकडं आलं होतं. मला तिथल्या तिथे पाण्यात उडी मारावीशी वाटली.

पाळकाने प्रार्थना सुरू केली. समुद्रावर गेलेल्यांची नावं घेतली, आणि शेवटी म्हणाला की या वर्षी आपण आपल्या एका बहिणीला सोबत नेतो आहोत, जिने जाता जाताही आपल्याला रंग दिला. बायकांनी डोळे पुसले. टान्या डेलच्या शेजारी उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

मी पुढे गेलो. पाळकाला वाटलं मला आभार मानायचे आहेत, तो बाजूला झाला.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "व्हर्नाने काही मागितलं नव्हतं. तिला हा रंग मुळीच आवडायचा नाही. रंगवले मी, आणि नाव तिचं घेतलं. तुम्ही सगळ्यांनी... मला माफ करा."

बोलायला एवढंच होतं. टोप्या हातात होत्या त्या हातातच राहिल्या. मग मागून एक आवाज आला, हसण्याचा. रुथॅन. तोंडावर हात दाबून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "माझ्या गुलाबी कोटाकडे बघून म्हणाली होती, तुझं पोट बिघडलंय की कोटाचं?"

दोनचार बायका हसल्या. एकीला आठवलं की व्हर्नाने चर्चच्या विक्रीत गुलाबी उशा स्वतः विकत घेऊन जाळल्या होत्या, दुसऱ्या कोणी घेऊ नयेत म्हणून. तिसरीला आणखी काही आठवलं. महिनाभर सगळे एका हळव्या, गोड बाईविषयी बोलत होते, जिला मी ओळखत नव्हतो. आता त्या धक्क्यावर माझी बायको परत आली होती, तिच्या जिभेसकट. मला रडू आलं ते त्यामुळे. पण लोकांना वाटलं लाजेने, आणि तेही खरंच होतं.

पुरुष हसले नाहीत. वायली पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मग का रंगवलेस?"

सगळे ऐकत होते. मी त्याच्या बुटांकडे बघितलं. त्याच्या डाव्या बुटावर गुलाबी थेंब होता.

"सांग ना," तो म्हणाला. "तिने सांगितलं नाही, तर का?"

मी त्या थेंबाकडेच बघत राहिलो. पाळकाला दया आली असावी, त्याने स्तोत्र सुरू केलं. लोक गाऊ लागले. त्या गाण्याच्या आडून मी निसटलो, ते मला कळत होतं, वायलीलाही कळत होतं. स्तोत्र संपायच्या आत त्याने खिशातली सुरी काढून आपला बोया कापला. तो घेऊन माझ्याकडे आला आणि माझ्या पायाशी ठेवला. फेकला नाही, ठेवला. फेकला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी आपापले उतरवले. डेलला मी म्हणालो, उद्या यायचं की नाही ते तू ठरव, मी वाईट वाटून घेणार नाही. डेल फार बोलत नाही. म्हणाला, शेवंडीला वरचा रंग दिसत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डबा घेऊन हजर होता, त्याच्या चुलतभावाला घेऊन. चुलतभाऊ सारखा बोयांकडे बघायचा आणि मग पाण्याकडे.

आम्ही पिंजरे टाकले. काही बिघडलं नाही. माझे बोये पाण्यावर ओळीने पडत गेले आणि मी मागे वळून पाहिलं नाही. मनासारखे रंगवलेले बोये, आणि बघायची सोय उरली नव्हती.

मंगळवारी पहिला माल ओढायला निघालो. मंगळवारी रेडिओ सतत चालू असतो, सगळ्या बंदराचा एकच चॅनल. कोणाला किती लागली, कुठे खोल, कुठे उथळ, कोणाचा दोर कोणाच्या दोरावर पडला. त्या दिवशी माझ्याशी कोणी बोललं नाही. माझं नाव आलं की आवाज थोडा थांबायचा आणि मग पुढे जायचा. चौथी की पाचवी ओळ ओढत होतो तेव्हा वायलीचा आवाज आला. धक्क्यानंतर पहिल्यांदा.

"एल्डन, ऐकतोयस?"

मी माइक उचलला. म्हणालो, ऐकतोय.

"इथे बसून मी विचार करत होतो." त्याचा आवाज सरळ होता, कामाचा. "तुझे बोये मला अर्ध्या मैलावरून दिसताहेत. धुकं आलं तरी दिसतील. काळे कुठे दिसायचे. त्यासाठीच केलेस ना? धुक्यासाठी?"

सगळं बंदर ऐकत होतं. वायलीने मला दार उघडून दिलं होतं. चांगलं, रुंद दार. धुक्यासाठी. कोणालाही पटलं असतं. पुढच्या वर्षी दोघातिघांनी केलेही असते, धुक्यासाठी. मला नुसतं हो म्हणायचं होतं. त्याने ते मैत्रीपोटी केलं, हे मला समजत होतं, आणि ते झिडकारलं तर पुन्हा मिळणार नाही हेही.

डेल माझ्याकडे बघत होता. त्याच्या हातात दोर होता, दोर ओढायचं यंत्र थांबवलेलं.

"नाही," मी म्हणालो. "दिसतात म्हणून नाही. मला आवडतो तो रंग."

माइक सोडला. रेडिओवर नुसती खरखर. कोणीतरी बटण दाबलं, हसलं, आणि सोडलं. दुसऱ्या कोणीतरी, आवाज ओळखता आला नाही, हळूच "अरे देवा" म्हटलं. माझे कान इतके तापले होते की वारा लागत नव्हता. साठीचा माणूस, शेवंडीने भरलेल्या बोटीवर, मुलीसारखा लाल झालेला. मला वाटलं, व्हर्नाने हे ऐकलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला अगदी शब्दशः माहीत आहे.

बऱ्याच वेळाने वायलीचा आवाज आला.

"हे परवा धक्क्यावर का नाही सांगितलंस?"

"जमलं नाही."

पुन्हा खरखर. मग तो म्हणाला, "मला अजूनही ते बघवत नाहीत. सांगून ठेवतो."

"बरं."

"आणि तिच्या नावावर केलंस ते मी विसरणार नाही."

"मीही नाही," मी म्हणालो.

"तिकडे काय लागतंय?"

मी सांगितलं, उथळात बरी आहे, खोलात काही नाही. तो म्हणाला, इकडेही तसंच. मग दुसरा कोणीतरी मध्ये आला आणि आमिषाविषयी बोलायला लागला. डेलने यंत्र सुरू केलं. पुढचा बोया समोर होता. तो आकडा लावलेल्या काठीने ओढून घेण्यासाठी मी वाकलो, आणि तेव्हा त्याच्याकडे नीट पाहिलं. एका बाजूला रंगाचा ओघळ आला होता.